पान एकेचाळीस

एकशे अठरा माणसं, एकशे अठरा पुस्तिका.
मीच टाइप केली, मीच छापून घेतली,
शेवटच्या पानावर ठिपक्यांची ओळ मीच आखली
आणि कँटीनच्या दारात टेबल टाकून बसले
पेन दोऱ्याने बांधून.
(लोक पेनं नेतात. तेही पुस्तिकेत आहे, पान बारा.)

ग्रिम्स्बीत मार्चातही वाऱ्याला मिठाची धार असते.
पहाटेची पाळी सुटली तसे आले सगळे
रबरी बूट वाजवत, हातांना हॅडॉकचा वास,
कुणी उभ्याउभ्या सही ठोकली,
कुणी पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून.
आर्लिंदोने विचारलं, पगार कापताय का?
नाही म्हटलं.
मग आण इकडे, म्हणाला.
इल्झेने पहिलं पान वाचलं, घड्याळ पाहिलं,
आणि तिनेही मम म्हटलं.

ग्लेनिस अपलबीने मात्र पुस्तिका पिशवीत टाकली,
बटाट्यांवर.
"घरी नेते. वाचून सांगते."

चौसष्ट पानं आहेत, ग्लेनिस.
"मग? एवढं लिहिलंत,
कुणीतरी वाचायला नको?"

चौथ्या दिवशी आली.
मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं वर्तुळ,
एका पानाचा कोपरा दुमडलेला.
पाळी बदलल्यास आदल्या रात्रीपर्यंत कळवण्यात येईल.
आधी दोन आठवडे होते.
"माझा भाऊ मंगळवारी नि शुक्रवारी डायलिसिसला जातो,
गाडी मी चालवते.
तुम्ही मला आदल्या रात्री कळवाल.
त्याच्या रक्ताला कोण कळवणार?"

मी जिना चढून वर गेले.
स्टॅनिफर्थसाहेबांनी मान वर केली नाही.
"नसेल करत तर नको करू दे.
सोमवारी कामावर आली की मान्य आहे असं धरायचं.
तसं पत्र दे तिला."

मग मी चार दिवस टेबल टाकून का बसले होते?
हे मी विचारलं.
जिन्यात, खाली येताना, कुणी नसताना.

पत्र टाइप करताना लक्षात आलं:
आली नाही तर नोकरी सोडली,
आली तर सही झाली.
म्हणजे सुरी माशाच्या पाठीत शिरते
तीच तिची सही,
आणि ती तर ही बाई एकतीस वर्षं करतेय,
मिनिटाला सहा वेळा.

ग्लेनिसने पत्र दोनदा वाचलं.
पेन उचललं. दोरा पुरेना,
तर टेबलच ओढलं स्वतःकडे, माझ्यासकट म्हणा.
ठिपक्यांवर नाही, ठिपक्यांच्या वर,
शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं:
मिळाली. वाचली. पान एकेचाळीस मला मान्य नाही.
मी कामावर येत राहीन. तो होकार समजू नये.
खाली नाव. तारीख. वेळही, दोन वाजून दहा मिनिटं.
"याची झेरॉक्स दे मला."

या चार ओळींना कायद्यात किती वजन आहे
मला खरंच माहीत नाही.
वरच्या मजल्यावर दोन दिवस फोन चालू होता, एवढं ठाऊक आहे.
सोमवारी सहाला दहा कमी असताना ती आली,
केसांवर जाळी ओढली, सुरीला धार लावली.
तिची पाळी बदललेली नाही.
अजून तरी.

फायलीत एकशे सतरा सह्या आहेत
आणि एक कागद, जो कुठल्या कप्प्यात लावायचा ते कळत नाही.
सर्वांत वरची सही माझी.
चौसष्टच्या चौसष्ट पानं माझ्या बोटांखालून गेली,
स्वल्पविरामसुद्धा मी तपासले.

काल आर्लिंदो दारात येऊन उभा राहिला, बूट न वाजवता.
"त्या एकेचाळिसाव्या पानावर नक्की काय आहे?"
आणि मग, हळूच,
"केलेली सही परत घेता येते?"

थांब, बघते, म्हटलं,
आणि माझी प्रत उघडली.
कण्याचा कडकन आवाज झाला.
उघडलीच नव्हती ती कधी.